लघुग्रहांच्या नावांत शिरताय? आधी हे बघा

भावा, नावांची यादी पाठ करत बसू नको, लघुग्रह लाखो आहेत आणि बहुतेकांना नुसता नंबरच आहे. एकच घे आणि खोलात जा. पंडित जसराजांचा घे, ३००१२८ पंडितजसराज. त्यांची जन्मतारीख २८-०१-३०, वर्ष-महिना-दिवस अशी उलटी वाच, नंबर निघतो! त्याआधी त्याचं तात्पुरतं नाव होतं २००६ व्हीपी३२. यात २००६ वर्ष, व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा (वर्षाचे २४ पंधरवडे, ए पासून एकेकाला एक अक्षर, आय अक्षर गाळतात), पी म्हणजे पंधरावा, आणि ३२ म्हणजे अक्षरांचे ३२ फेरे आधीच झालेले, फेऱ्याला २५, म्हणजे त्या पंधरवड्यातला ८१५वा. हे जमलं की निम्मं काम झालं बघ.

पक्कं नाव कक्षा नीट ठरून नंबर पडल्यावरच, त्याला वर्षं लागतात. शोधणारा नाव सुचवतो आणि आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती ठरवते. १६ अक्षरांच्या आत आणि शक्यतो एकच शब्द पाहिजे, म्हणून कल्पनाचावला, विशीआनंद अशी जोडून लिहिलेली नावं दिसतात. राजकारणी आणि लष्करी लोकांना मेल्यावर १०० वर्षं थांबावं लागतं, हा नियम मला लई आवडतो. पैसे घेऊन नाव देतो म्हणणाऱ्यांच्या नादाला लागू नको, तो कागद घरात लावायलाच.

सुरुवातीची नावं देवतांची, १८०१ चा सेरेस म्हणजे रोमन शेतीची देवी. आपला गणेशपण आहे, २४१५. आणि ४ वेस्टा आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला की साध्या दुर्बिणीतून दिसतो, फक्त सोलापूरच्या लाइटातून बाहेर पड, हिप्परग्याच्या तलावाकडं जा.