तारा गेला कुठे?

प्रश्न : जानेवारीत मिथुन राशीत माझ्या चार इंची दुर्बिणीतून नवव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) एक तारा दिसला. नकाशात नाव यू जेमिनोरम. बारा दिवसांनी पाहतो तर जागा रिकामी. हा पिधानकारी जोडतारा, म्हणजे एकाआड दुसरा झाकला जाणारी जोडी, आहे असं वाचलंय. मग त्याला ग्रहण लागलं होतं, की माझी दुर्बीण बिघडली?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : दुर्बीण विकायला काढली असेल, तर राहू द्या. ग्रहण इथे आहे खरं, पण तुमचा तारा ग्रहणानं नेला नाही. या जोडीची अख्खी प्रदक्षिणा सव्वाचार तासांची. रात्री नऊला गच्चीवर जाऊन सव्वाएकला उतरलात की यांची एक फेरी झाली. ग्रहण तर काही मिनिटांचंच.

जोडीत एक श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा, पृथ्वीएवढा, आणि एक तांबडा खुजा तारा. दोघांमधलं अंतर सूर्याच्या व्यासापेक्षाही कमी. तांबड्याचा वायू ओढला जातो आणि श्वेतबटूभोवती चकतीसारखा फिरत राहतो. गच्चीवर कूलर भरताना नळीचं पाणी टाकीत जिथे पडतं तिथे फेस येतो ना, तसा वायूची धार चकतीवर आदळते तिथे एक तप्त ठिपका पेटलेला असतो. तारा शांत असताना तांबडा सोबती झाकतो तो मुख्यतः हा ठिपका आणि चकतीचा काही भाग. श्वेतबटू झाकलाच जात नाही.

तुम्ही पाहिलात तो उद्रेक. चकतीत वायू साठतो, तापतो, त्यातल्या हायड्रोजनचं आयनीभवन होतं, म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात, आणि अडून बसलेला वायू तुंबलेल्या मोरीसारखा भसकन आत उतरतो. एक-दोन दिवसांत तारा चौदाव्या प्रतीवरून नवव्यापर्यंत चढतो, म्हणजे शंभरपट तेजस्वी होतो. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा खाली. सरासरी शंभरेक दिवसांनी हे होतं, पण नेम नाही बाप्पा. कधी दोन महिने, कधी आठ.

तुमची गत इंग्रज खगोलज्ञ जॉन हिंड यांच्यासारखीच झाली. लघुग्रह शोधताना डिसेंबर १८५५ मध्ये त्यांना हा तारा सापडला आणि थोड्याच दिवसांत मंदावून दिसेनासा झाला. मार्च १८५६ मध्ये तो पुन्हा पाहिला नॉर्मन पॉगसन या दुसऱ्या इंग्रज खगोलज्ञानं. पाच प्रती म्हणजे शंभरपट, हे माप बसवणारेही तेच. पुढे ते मद्रासच्या वेधशाळेत आले.

शांत असतानाचा यू जेमिनोरम चार इंचीत दिसणार नाही. माझ्या आठ इंचीतही नागपुरातून मला तो आजवर दिसलेला नाही. गल्लीत पांढरे एलईडी लागल्यापासून तर आशाच सोडली. तुम्ही मात्र मेपर्यंत, आकाश मोकळं असेल तेव्हा, मिथुनेतल्या पोलक्स या ठळक ताऱ्याच्या दक्षिणेला सुमारे सहा अंशांवर बघत राहा. शेजारच्या ताऱ्यांचं चित्र वहीत काढा, त्यांच्याशी तुलना करून तारीख, वेळ, प्रत लिहा. नाही दिसला तर ‘नाही दिसला’ असंच लिहा, सोबत दिसलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत. तीही नोंदच. माझी अर्धी वही तेवढ्यानंच भरलीय.