नोंदवही तिच्याकडे, रोबोट कोणाकडे?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेने या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोबोटिक्स हा ऐच्छिक विषय सुरू केला. पुढचा काळ याचाच असल्याने आम्ही तिच्यासाठी तो निवडला. चौघांच्या गटात तिच्याकडे नोंदवहीचे काम आहे. तीन महिन्यांत दोनदा रडून ती ‘मला हा विषय नको’ म्हणाली. गणितात तिला ५४ गुण आहेत आणि ते वाढत नाहीत. म्हणून गणिताची शिकवणी थांबवून त्या वेळेत रोबोटिक्सचा क्लास लावावा, असे वाटते. तिला कसे समजवावे? आणि या क्षेत्रासाठी पुढचा मार्ग कोणता?
– एक आई

उत्तर : ताई, मुलीला कसे समजवावे, हे तुम्ही विचारले आहे, ती का रडली, हे तिला कोणी विचारले का, याचा पत्रात कुठेही उल्लेख नाही. विषय तुम्ही निवडला, क्लास तुम्ही लावणार, शिकवणीही तुम्हीच बंद करणार, आणि जिला हे सगळे करायचे आहे तिच्या वाट्याला फक्त समजून घेणे आले आहे. तिच्या ५४ गुणांपेक्षा मला याची काळजी अधिक वाटते.

नोंदवहीचे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, पण माझ्या मते सगळे पत्र त्या एका वाक्यात आहे. अशा तासाला जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून चालणारी छोटी गाडी बहुधा सुरुवातीलाच करून घेतात. गाडीखालचे सेन्सर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण सोडतात. पांढरा पृष्ठभाग ते परत पाठवतो, काळी पट्टी त्यांतले बरेचसे शोषून घेते, आणि परत आलेल्या किरणांच्या आकड्यावरून गाडी वळायचे की सरळ जायचे ते ठरवते. वर्गाच्या मध्यभागी नीट चालणारी ही गाडी खिडकीजवळ उन्हात नेली की भरकटते, कारण उन्हातही अवरक्त किरण असतात. मग कोणीतरी सेन्सरभोवती कागदाचा आडोसा करतो, कोणीतरी ‘काळे’ कशाला म्हणायचे त्या आकड्याची मर्यादा बदलून पाहतो, चार वेळा चुकतो आणि पाचव्यांदा गाडी वळते. विषय शिकला जातो तो या चार चुकांमध्ये. त्याच वेळी जी मुलगी समास आखून ‘प्रयोग यशस्वी झाला’ असे लिहीत बसलेली असते, तिच्यापर्यंत त्यातले काहीही पोहोचत नाही. अक्षर चांगले आहे म्हणून मुलींच्या हाती नोंदवही द्यायची आणि वायरी मुलांनी जोडायच्या, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की, तुमच्या मुलीला विषय जमत नाही हे मानायला मी तयार नाही. तिने तो अजून करूनच पाहिलेला नसावा.

आता गणिताची शिकवणी थांबवण्याबद्दल. गणित कच्चे असले तरी रोबोटिक्स भरून काढेल, हा समज अगदी उलटा आहे. यंत्राला शिकवणे म्हणजे त्याच्या आतले असंख्य आकडे, ज्यांना भार म्हणतात, चूक कमी होत जाईल अशा रीतीने थोडेथोडे बदलत राहणे. कोणता आकडा वाढवायचा आणि कोणता घटवायचा, हे चढावरून, म्हणजे तो आकडा किंचित बदलला की चूक किती वाढते किंवा घटते त्यावरून कळते, आणि त्या चढाची पहिली ओळख शाळेतल्या रेषेच्या समीकरणात होते. आलेख, गुणोत्तर, संभाव्यता आणि पुढे मॅट्रिक्स यांच्यावरच हे सगळे उभे आहे. त्यामानाने साधने फार लवकर बदलतात : मजकूर लिहून देणाऱ्या आजच्या भाषिक प्रारूपांमागची ट्रान्सफॉर्मर ही रचना २०१७ची आहे आणि चॅटजीपीटी लोकांसमोर आले २०२२च्या अखेरीस, मुलगी पदवी घेईपर्यंत नववीत हाताळलेले साधन वापरात असेलच, असे नाही. शाळेत हा विषय घेतला नाही तर दार बंद होते, ही भीतीही निराधार आहे. यंत्रांना शिकवण्याच्या याच कामासाठी २०२४चे भौतिकशास्त्राचे नोबेल ज्या दोघांना मिळाले त्यांपैकी जेफ्री हिंटन यांची पहिली पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची होती, आणि यंत्रांना चित्रे ओळखायला शिकवण्यासाठी २००९मध्ये पुढे आलेल्या इमेजनेट या प्रचंड चित्रसंग्रहामागच्या फेइ-फेइ ली भौतिकशास्त्राच्या पदवीधर आहेत.

मार्गाबद्दल इतकेच सांगतो की, बारावीपर्यंत गणित ठेवावे, मग अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा द्यावी किंवा गणित, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र यांपैकी एखादी पदवी घ्यावी; नववीत याहून अधिक ठरवण्याची गरज नाही.

क्लासचे पैसे तूर्त भरू नका. शिकवणी चालू ठेवा, आणि तिचा उपयोग होत नसेल तर शिकवण्याची पद्धत किंवा शिक्षक बदला. ५४ गुणांमध्ये नेमके कुठे अडते, हे तिच्या उत्तरपत्रिका घेऊन तिच्याबरोबर बसल्यास तासाभरात कळेल. शाळेत जाऊन मुलीच्या गुणांविषयी नव्हे, तर गटातली कामे दर आठवड्याला फिरती आहेत का, एवढेच विचारा. लहान मुलांसाठी १९६७मध्ये लोगो ही संगणकभाषा तयार झाली, तिच्या निर्मात्यांत सेमूर पेपर्ट यांच्याबरोबर सिंथिया सॉलोमनही होत्या, आणि यंत्राला आज्ञा मुलाने द्यायची, हाच त्या खटाटोपाचा गाभा होता. तुमच्या मुलीला अशी आज्ञा द्यायला महिनाभर तरी मिळू द्या. शिक्षकांना ते शक्य नसेल, तर विषय बदलण्याची मुदत कधीपर्यंत आहे, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.

महिन्यानंतरही ती ‘नको’ म्हणाली, तर विषय बदलण्याच्या अर्जावर सही करा. मात्र त्याआधी, म्हणजे आजच, ती का रडली ते तिला विचारा आणि ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका.