पट १४, खोली एकच : बांधकामाचा पैसा मागायचा कसा?

प्रश्न : आमच्या वाडीवरच्या पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट १४ आहे. दुसरी खोली मागितली की ‘एवढ्याशा पटाला कशाला?’ असं ऐकवतात. – एक पालक

शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची त्यांच्यासमोर ठेवा. पाचवीपर्यंत ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, असं त्यात स्पष्ट आहे. पट १४ म्हणून खोली कमी, असं कुठेही लिहिलेलं नाही. पण तोंडी मागणी टिकत नाही. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा करण्याचं काम शाळा व्यवस्थापन समितीचं आहे. त्यात ही खोली लिहा, ठराव करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या.

आणि यू-डायस, म्हणजे शाळेची सरकारी माहिती दरवर्षी जिथे नोंदवतात ती प्रणाली, भरताना मुख्याध्यापकांशेजारी बसा. शाळेचं नाव खराब नको म्हणून मोडकी खोली ‘चांगली’ दाखवली जाते. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेचं नियोजन याच माहितीवर होतं. तिथे खोली चांगली दिसली, तर तुमच्या अर्जाला बळ उरत नाही.

प्रश्न : जुन्या खोलीच्या भिंतीला तडे गेलेत. पाडायची परवानगीही मिळेना. – समिती अध्यक्ष

आधी निर्लेखनाचा, म्हणजे खोली वापरातून बाद करून पाडण्याचा, प्रस्ताव द्या. बांधकाम विभागाच्या अभियंत्याची पाहणी लेखी मागा. तोवर त्या खोलीत एकही मूल बसू देऊ नका. समाजमंदिरात, ग्रामपंचायतीत, कुठेही वर्ग भरवा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेचं छत कोसळून तीन विद्यार्थी गेले. त्यानंतरही कागद टेबलावर पडून राहत असतील, तर गावाने गप्प बसू नये.

नव्या खोलीसाठी दोन मुख्य वाटा आहेत : समग्र शिक्षा, ज्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात, आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती. दोन्हीकडे मागणी करा.

प्रश्न : शाळेला दरवर्षी मिळणाऱ्या संयुक्त अनुदानातून छप्पर होईल का? – एक शिक्षिका

नाही, बाई. समग्र शिक्षाच्या निकषांत ३० पर्यंतच्या पटाला वर्षाला १०,००० रुपये आहेत, १,००० च्या वर पटाला एक लाख. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे, उरलेल्यातून वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती. पत्र्याचा भाव मात्र पट बघून ठरत नाही. हा निकष छोट्या शाळांवर अन्याय करणारा आहे. इमारतीमागे ठरावीक किमान रक्कम हवी, असं माझं ठाम मत आहे. तोवर छपराची मागणी मोठी दुरुस्ती म्हणून, अंदाजपत्रकासह, वेगळी पाठवा.