बेळगावच्या मराठी चर्चमधली स्तोत्रे ज्यू लोकही म्हणतात का?

हो, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली सगळी १५० स्तोत्रे दोघांची आहेत. मुळात ती हिब्रूच, ज्यूंच्या प्रार्थनेतली. बेळगावात मराठी उपासनेला मी पेटी वाजवतो, म्हणून दोन्हीकडचे पाठ ताडून पाहिलेत. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे २३वे स्तोत्र आपण अंत्यविधीला म्हणतो. ज्यू लोकही म्हणतात, शिवाय शब्बाथच्या, म्हणजे त्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, तिसऱ्या जेवणाला ते गातात, आणि हे मला फार सुंदर वाटतं. ११३ ते ११८ त्यांच्या वल्हांडण सणाच्या रात्रीची. ‘हालेलूया’ शब्दही हिब्रूच: याहची, म्हणजे परमेश्वराची, स्तुती करा. मात्र ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने येशूवरची, ती फक्त ख्रिस्ती मंडळींची. आणि ताडताना ओवींचे आकडे जपून बघा: हिब्रूत बरेचदा शीर्षकालाही आकडा असतो, त्यामुळे ५१व्या स्तोत्रात दोनचा फरक पडतो.