अमेरिकन कथा पहिल्यांदाच अभ्यासाला? आधी एवढंच कर

टेन्शन घेऊ नकोस, पहिल्या सेमिस्टरला सगळ्यांनाच वाटतं की आपल्याला काही कळतच नाहीये. प्रत्येक कथा दोनदा वाच, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी' (१९४८) घे. पहिल्या वाचनात पोरं खिशात दगड भरतायत हे वाचून आपण पुढे जातो, शाळेला सुट्टी लागलीय, खेळत असतील म्हणून, आणि शेवट कळल्यावर परत तिथे आलं की अंगावर काटा येतो. ते दगड तिथे इतक्या लवकर का आले यावर दोन परिच्छेद लिहिलेस तरी पहिला पेपर झाला समज.

हमखास होणाऱ्या चुका:

- पेपरभर नुसती गोष्ट सांगणं. सरांनी ती वाचलेली असते, त्यांना तुझं म्हणणं हवंय आणि त्याला कथेतल्या ओळीचा पुरावा.
- निवेदकालाच लेखक समजणं. एडगर ॲलन पोच्या 'द टेल-टेल हार्ट'मधला माणूस मी वेडा नाही म्हणून सांगत राहतो, त्याचं कितपत खरं मानायचं हाच तर प्रश्न आहे.
- आधी समरी वाचणं. हे खरंच करू नकोस, केट शोपॅनची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' जेमतेम हजार शब्दांची आहे आणि शेवटचा धक्का एकदाच बसतो.

साहित्याची थिअरी आत्ता बाजूला ठेव. हेमिंग्वेची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' मात्र मित्रमैत्रिणीबरोबर संवाद वाटून मोठ्याने वाच. कथेतली दोघं ऑपरेशनबद्दल बोलतात, पण कसलं ते कुठेच म्हणत नाहीत, कानावर पडलं की लगेच जाणवतं.