जपानला शिकायला जाताना जपानी किती हवी?

जपान म्हणजे एन१ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत वरची पातळी) हवंच, ही भीती आधी डोक्यातून काढ. नागोया विद्यापीठासारख्या ठिकाणी पदवीचे काही अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीतून चालतात. वर्ग जपानीतून असतील तर मात्र साधारण एन२ (एन१च्या खालची पातळी) धरून चाल. पदवीसाठी बरीच विद्यापीठं ईजेयूचे (परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या प्रवेश परीक्षेचे) गुणही मागतात. ही परीक्षा जून आणि नोव्हेंबरमध्ये असते आणि तिच्या जपानीच्या पेपरात निबंध लिहावा लागतो. जेएलपीटीत लिहिणं-बोलणं काहीच नाही, त्यामुळे नुसते पर्याय निवडायची सवय झालेली मुलं इथे अडकतात. रोज अर्धं पान हाताने लिही, कांजीसकट (जपानीतल्या चिनी चित्राक्षरांसकट).

एन२ला १८० पैकी ९० लागतात, पण तिन्ही भागांत (शब्द-व्याकरण, वाचन, ऐकणं) प्रत्येकी किमान १९ हवेतच. ऐकण्यात १८ पडले की बाकी कितीही मिळोत, नापास! व्याकरण घोकून ऐकणं शेवटच्या महिन्यावर ढकलणारी हुशार मुलं पाहिली की जीव तुटतो. डिसेंबरच्या परीक्षेचा निकाल जानेवारीच्या शेवटाकडे लागतो. अर्जाची मुदत त्याआधी संपत नाही ना, ते बघ.

आधी भाषाशाळेत जाणार असशील तर सहसा एन५ (सर्वांत सोपी पातळी) किंवा सुमारे १५० तास शिकल्याचा पुरावा मागतात. क्लासकडून तासांचा उल्लेख असलेलं प्रमाणपत्र आत्ताच घेऊन ठेव.