तिसरं लॉक आणि उरलेले 26 दिवस

एका वाचकाचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. पुण्यात नोकरीला असताना तिथल्या एका गॅरेजात बाईकचं इंजिन केलं, नवीन पिस्टन किट टाकलं, बिल 11,400. गाडी ताब्यात आल्यापासनं आत बारीक टकटक. आता नोकरी सोडून कोल्हापूरला आले, परवा उद्यमनगरात इंजिन खोललं तर तळाला ऑइलच्या जाळीपाशी गजन पिनचं, म्हणजे पिस्टन अडकवणाऱ्या पिनेचं, एक लॉक (सर्क्लिप) सुटं पडलेलं. पिस्टनची स्वतःची दोन्ही लॉकं जागच्या जागी. गिअरचे दोन दात उडालेत. बिलावर 'वॉरंटी 3 महिने' छापलंय, मग केस होते का, आणि आधी नोटीस पाठवू का?

असे प्रश्न मला सारखे येतात, कुणाचा फ्रिज असतो, कुणाचा बोअरचा पंप, आणि सगळे वॉरंटीपाशीच अडकतात. साहेब, वॉरंटीचं सोडा. तुमची तक्रार पार्ट खराब निघाल्याची नाहीच, काम निष्काळजीपणे केल्याची आहे, त्याला सेवेतली त्रुटी म्हणतात आणि ती छापील तीन महिन्यांत सहसा मावत नाही. समोरचा वकील त्यावर बोलेल, बोलू दे.

सगळं अडतंय ते ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 वर. तक्रारीचं कारण घडल्यापासनं दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल पाहिजे. तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या फोटोवरची तारीख बघितली, आज एक वर्ष, अकरा महिने, चार दिवस झालेत. तुम्ही म्हणाल लॉक तर परवा सापडलं, दोन वर्षं परवापासनं मोजा. एरवी मीही तसंच मांडलं असतं. पण तुम्हीच मोठ्या हौसेनं व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट जोडलेत, त्यात गाडी घेतल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तुम्ही लिहिलंय, 'इंजिनातून आवाज येतोय, तुम्ही नीट बसवलं नाही', आणि गॅरेजवाल्याचं उत्तर, 'रनिंगमध्ये सेट होईल'. झालं की! काम बिघडलंय हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं असं तो म्हणणार, आणि म्हणायला त्याच्याकडे तुमचाच मेसेज.

गंमत अशी की तोच मेसेज तुमचा सगळ्यात भारी पुरावाही आहे, कारण आवाज त्याच्या कामापासनंच होता हे त्यातनंच दिसतं. पुढच्या 26 दिवसांत तक्रार गेली तर तो तुमच्या बाजूनं बोलतो, नंतर गेली तर तुमच्या विरुद्ध. उशीर माफ होतो, कायद्यात सोय आहे, पण सबळ कारण लागतं आणि 'पुण्याला कोण जाणार म्हणून राहिलं' हे कारण मी तरी ग्राहक आयोगापुढं तोंड वर करून सांगणार नाही. मुळात पुण्याला जायचंच नव्हतं, 2019 च्या कायद्यात तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दोन वर्षं एक फोन करून कुणाला विचारलं असतंत तर कळलं असतं.

नोटीस पाठवा, पण नोटिशीनं मुदत थांबत नाही हे डोक्यात ठेवा. पंधरा दिवसांची नोटीस, मग उत्तराची वाट, मग 'बसून मिटवू'चा फोन, यातच महिना जातो, आणि समोरच्याला नेमकं तेच पाहिजे असतं. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन टाकता येते, पाच लाखांच्या आतल्या कामाला फी नाही, वकील लावायची सक्तीपण नाही. मिटवायचं असेल तर दाखल झाल्यावर मिटवा.

आता इंजिन. मेकॅनिकला आजच सांगा, भाऊ, बंद करू नको. तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय की मधे गावाकडं क्लचप्लेटी बदलल्या होत्या. ही सहज लिहायची गोष्ट नाही! समोरचा म्हणणार लॉक तिथंच पडलं. पण क्लचच्या कामात पिस्टनला हात लागत नाही, ते तारेचं बारीक लॉक गजन पिनचंच, ते पिस्टन काढताना नाहीतर बसवतानाच उडतं, म्हणून तर चांगला मिस्त्री आधी खाली क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबतो. हे मी सांगून उपयोग नाही, उद्यमनगरच्या मेकॅनिककडनं लेखी घ्या, तारीख, गाडीचा नंबर, इंजिन नंबर, लॉक कुठं सापडलं, पिस्टनची दोन्ही जागेवर होती, दात कुठले तुटले, खाली सही. ऑटोमोबाईल शिकवणारे कोणी सर ओळखीचे असतील तर त्यांचंही पत्र जोडा, कारण त्रुटी सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर आहे. त्या लॉकनंच दात उडाले हे आयोग मानेल का, मला खात्री देता येत नाही. किती पैसे मिळतील तेही विचारू नका, दोन्ही बिलं आणि थोडा खर्च मिळाला तरी पुष्कळ.

फोन बदलू नका, चॅट उडवू नका, स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा, आयोग दर वेळी मागेलच असं नाही पण नसलं की समोरच्याला एक तारीख फुकट मिळते. तारखा तशाही कमी नसतात. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. समोरच्याला उत्तराला 30 दिवस आणि वर फार तर 15, याच्यापुढं एक दिवस नाही असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं 2020 मध्ये ठणकावलंय, पण त्यानंतरच्या तारखांना असा कोणी लगाम घातलेला नाही, तेव्हा वर्ष-दोन वर्षं धरूनच चाला. गाडी तेवढे दिवस उघडी ठेवता येणार नाही हे मला कळतंय, रोज कामाला जायचं असतं. म्हणून बंद करायच्या आधी सलग व्हिडिओ काढा, त्यात इंजिन नंबर दिसू दे, आणि तुटलेला गिअर भंगारात टाकू देऊ नका.

आणि ते लॉक तुम्ही काडेपेटीत ठेवलंय म्हणता, ते पाकिटात घाला, चिकटवा आणि जोडावर मेकॅनिकची सही घ्या. पुसलं नसेल तर आता पुसू नका.